सासऱ्यांची होडी, जावयाचा ट्रेलर

काटेवाल्याच्या घरी कुणी पहिल्यांदा गेलं, की त्याला आधी ट्रेलर बघावा लागायचा. चहापाणी मागाहून. पाहुणा दारात चपला काढतोय तोच हा गडी त्याचा दंड धरून त्याला घराच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली न्यायचा आणि सुरू व्हायचा, "हा एक्सल बघितलात? आधी इथे होता, आता इथे आहे. का, सांगा बरं?" पाहुण्याला काय कप्पाळ ठाऊक असणार! तो बापडा एका पायात चप्पल, एका पायात नाही, असा उभा राहून मान डोलवायचा. मग चाकांची बेअरिंगं, मग जोडाखालच्या साखळ्या, मग दिव्यांची वायर कुठून कशी नेली ते. ट्रेलरवर ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं असायचं. ते काय आहे असं पाहुण्यानेच विचारलं तर हा म्हणायचा, "ती होडी. हिची आहे."

होडी खरोखरच हिची, म्हणजे बायकोची होती. तिच्या वडिलांनी ती स्वतःच्या हाताने बांधली होती. माहेरच्या मोठ्या तळ्यावर पूल व्हायच्या आधी ते माणसं या काठावरून त्या काठावर न्यायचे, आणि बायकोचं सगळं लहानपण त्या होडीतल्या आडव्या फळीवर गेलं. "बाबा दमले की डोळे मिटून पडायचे आणि मी न्यायचे माणसं," असं सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची. पुढे पूल झाला, वडील गेले, आणि होडी कुणी ठेवायची हा प्रश्न आला. भाऊ पाचव्या मजल्यावर राहणारा. तो काय होडी बाल्कनीत वाळत घालणार? तेव्हा ती टेम्पोत चढून इकडे आली. त्या दिवशी बायकोने होडीवरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला एकदा हिच्यातून तळं ओलांडायचंय. स्वतः वल्हवत. शेवटच्या दिवसांत बाबा म्हणत होते, मला होडीत बसव आणि ने. मी म्हटलं, आधी बरे व्हा. म्हणून आता त्यांच्यासाठी एकदा जाऊ. मग हवं तर कुणाला देऊन टाकू."

"एकदा काय, दर वर्षी जाऊ की!" काटेवाला म्हणाला. "आधी एक चांगला ट्रेलर बघतो."

तेव्हा लेक शाळेत होती. पुढे लेकीचं लग्न झालं, तिला मूल झालं, ते मूल त्याच ट्रेलरच्या चाकाआड लपाछपी खेळायला लागलं, तरी होडीने पाण्याचं तोंड बघितलं नव्हतं.

आता या माणसाला आळशी म्हणाल तर तो अन्याय होईल. आळशी माणूस परवडला असता हो! आळशी माणसाने एक दिवस कंटाळून होडी दोरीने बांधून नेली असती. हा तसला नव्हता. शहराबाहेर जिथे मालाचे ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर याची सगळी नोकरी झाली. काचेची एक केबिन, समोर जमिनीत बसवलेलं लोखंडी ताट, त्यावर ट्रक चढायचा, आत आकडा दिसायचा. याचं काम तेवढंच, आकडा बघून पावती द्यायची. पण हा केबिनमधून उतरायचा, ट्रकला एक चक्कर मारायचा, मालाचे दोर ओढून बघायचा, टायरला लाथ घालायचा आणि ड्रायव्हरला म्हणायचा, "मागे जास्त भरलाय. पुढे सरकव थोडा." ड्रायव्हर मनातल्या मनात याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एकाने तर तोंडावर विचारलं होतं, "काका, तुम्ही घरी जेवायच्या आधी ताट पण तोलता का?"

या सगळ्याला एक कारण होतं, आणि ते कारण खोटं नव्हतं. होडी घरी आली त्याच सुमाराला एका दुपारी काट्यासमोरून एक जीप गेली. तिच्यामागे ट्रेलर, त्यावर मोटरबोट. बोटीचं इंजिन मागे, पेट्रोलचे कॅन मागे, सगळं वजन मागे. पुढे, ट्रेलर जीपला जिथे अडकतो त्या जोडावर, काही भारच नाही. उतार लागला तसा ट्रेलर शेपूट हलवायला लागला. डावीकडे, उजवीकडे, अजून जोरात डावीकडे. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला. जोड सुटला, साखळी लावलेलीच नव्हती, आणि ते सगळं धूड रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या भिंतीवर जाऊन आदळलं. भिंत आणि ट्रेलर यांच्यामध्ये एका लहान मुलीची सायकल होती. मुलगी पेन्सिल घ्यायला दुकानात शिरली होती म्हणून वाचली. काटेवाला धावत गेला, त्याने ती सायकल उचलली. तिचं पुढचं चाक मुडपून मागच्या चाकाला टेकलं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं.

बायको म्हणाली, "बरं झालं बाई, मुलगी वाचली. आपला ट्रेलर सावकाश, नीट तयार करा. घाई नाही."

असं ती एकदा म्हणाली. तेवढं एक वाक्य या माणसाने वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरलं.

ट्रेलर घेतला तो जुना, कुणीतरी जनरेटर वाहायला केलेला. त्याचा एक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, बरोबर मध्यावर. होडी चढवली आणि पुढच्या जोडाखाली विटा रचून त्यावर घरातला माणसांचा वजनकाटा ठेवला. लेकीने वजन कमी करायचं म्हणून आणलेला तो काटा, बिचारीला पुन्हा मिळालाच नाही. जोडावर भार फारच कमी भरला. म्हणजे ट्रेलर शेपूट हलवणार. मग वेल्डरकडून एक्सल मागे सरकवला. आता भार इतका वाढला की गाडीचं बूड खाली बसलं आणि तोंड वर उठलं. पुन्हा थोडा पुढे. वेल्डरने अखेर हात जोडले, "साहेब, एकदाच काय ते ठरवा. लोखंड आहे हो हे, कणीक नाही." तोवर उन्हाळा संपला.

पुढच्या वर्षी टेकूंचं निघालं. होडीचा भार तिच्या तळाच्या मधल्या कण्यावर पेलला पाहिजे, आणि बाजूच्या लाकडांनी नुसतं तिला कलंडू द्यायचं नाही. जुन्या ट्रेलरची बाजूची लाकडं आखूड होती, होडीचा मागचा भाग अधांतरी राहायचा. असं अधांतरी ठेवलं तर तळ वाकतो. यात त्याचं काही चुकलं नाही. त्याने कण्याखाली रबरी रोलर बसवले, बाजूला पार मागच्या टोकापर्यंत जाणारी नवी लाकडं घातली आणि होडीला खरचटू नये म्हणून त्यांवर गालिचा ठोकला. बायको कामावरून आली तर बाहेरच्या खोलीत उघडी फरशी! "अहो, गालिचा कुठाय?" "होडीखाली," हा म्हणाला, आणि वर असं बघितलं जसं काही शाबासकीच मिळणार आहे.

मग साखळ्या, त्याही जोडाखाली एकमेकींवरून फुली करून, म्हणजे जोड सुटलाच तर त्याचं नाक रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडावं. मग आवळायचे पट्टे. मग बेअरिंगांमधलं ग्रीस. मग दिवे. हे सगळं होईतो टायर म्हातारे झाले. एक फर्लांग न चालता म्हातारे झाले! त्यांना बारीक चिरा पडल्या, ते बदलले. मेहुणा सुट्टीत आला की छपराखाली जाऊन यायचा आणि जेवताना विचारायचा, "काय भावोजी, विमानतळ कधी बांधताय?" लेक एकदा चिडून म्हणाली, "बाबा, आईला होडी हवीय. ट्रेलर तुम्हाला हवाय." काटेवाला त्या दोघांवर रागावला. जीव तोडून आपण करतोय कुणासाठी, आणि घरचेच नावं ठेवतात, असं त्याला वाटायचं.

बायको फारशी रागवायची नाही. तिची नोकरी सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर होती, तिकिटाच्या खिडकीत. म्हणजे आयुष्यभर ती पाण्याच्या कडेला बसली, पण काचेआड. उन्हाळा लागला की संध्याकाळी घरी येऊन ती एकदा विचारायची, "या वर्षी जमेल का हो?" हा म्हणायचा, "थोडंसंच राहिलंय." ती म्हणायची, "निदान इथल्या कुठल्या तरी पाण्यात घाला तिला. लाकूड आहे ते, त्याला पाणी लागतं. बाबा मोसमाच्या आधी तिला काठाशी बुडवून ठेवायचे चार दिवस. फळ्या फुगायच्या आणि फटी आपोआप मिटायच्या."

"बुडवून!" काटेवाला हसायचा. "अगं, होडी काय बुडवायला असते?" आणि पावसाचा थेंबही लागू नये म्हणून ताडपत्रीवर दुसरी ताडपत्री घालायचा.

वजन म्हणजे काय ते या माणसाला कळत होतं. लोखंड कळत होतं. लाकूड त्याला कळत नव्हतं, आणि ज्या बाईला कळत होतं ती घरातच होती, तिचं त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पत्र्याखाली, दोन ताडपत्र्यांखाली, उन्हाळ्यामागून उन्हाळे होडी भाजत राहिली.

एके वर्षी वैशाखातल्या उन्हात त्याने ताडपत्री वर केली, होडीत वाकून बघितलं. खालची जमीन दिसत होती. फळ्या आक्रसल्या होत्या, दोन फळ्यांमधल्या सांधीतून उजेड येत होता, आणि सांधीत ठासलेला सुताचा पीळ सुटून खाली लोंबत होता. त्याने अंगठ्याचं नख घालून बघितलं तर ते सहज आत गेलं. तो कितीतरी वेळ तिथेच उकिडवा बसून राहिला. ती आता बघणार, ती म्हणणार, सांगत होते ना मी. आणि मग आजवर जे बोलली नाही ते सगळं बोलणार. ते ऐकायची या माणसाची छाती झाली नाही. झालं एवढंच.

त्याने बाजारातून पुट्टी आणली, दोन डब्यांतलं कालवून लावायची ती, वाळली की दगडासारखी होणारी. बायको कामावर गेली की हा छपराखाली शिरायचा. एकेक सांध साफ केली, गच्च भरली, घासून सपाट केली आणि वरून पहिल्यासारखाच निळा रंग दिला. काम संपलं तेव्हा डोळे मिटून तळहात फिरवला, तर फळी कुठे संपते आणि पुट्टी कुठे सुरू होते ते कळेना. जीव भांड्यात पडला. संध्याकाळी बायकोने विचारलं, "रंगाचा वास कसला येतोय?" तर म्हणाला, "जरा हात मारला होडीला. किती दिवस नुसती पडलीये." ती एवढी खूश झाली की तिने छपराखाली जाऊन दोनदा बघितलं. त्या आनंदाने त्याला बोचलं, पण तो मूग गिळून बसला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका उन्हाळ्यात बायकोने विचारलंच नाही.

काटेवाला वाट बघत राहिला. तळ्याचा विषय निघेना. एकदा त्याने बघितलं, वरच्या फळीवरचा डबा काढायला ती उजवा हात डाव्या हाताने वर उचलत होती. "काय झालं गं?" "काही नाही, खांदा धरलाय." "डॉक्टरला दाखवलंस?" "दाखवला. म्हणाले वयाचा आहे. चालतोय तोवर चालवा, पुढे आखडत जाईल." एवढं बोलून ती भाजी चिरायला बसली. हा मागे मागे गेला. म्हणाला, "टायर पुन्हा नवे घातलेत बरं का."

"हो का," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

ती ओरडली असती, भांडी आपटली असती, तर याने पुन्हा काहीतरी कारण काढलं असतं. पण त्या 'हो का' ने हा माणूस आतून हलला. इतकी वर्षं जिच्यासाठी म्हणून आपण हे सगळं करतोय, तिने वाट बघणं सोडून दिलंय, हे त्याला त्या एका क्षणात कळलं. स्वयंपाकघराच्या दारातच तो म्हणाला, "शनिवारी निघायचं. तळ्यावर. पक्कं."

तिच्या हातातली सुरी थांबली. "खरंच?"

"खरंच. आता काही राहिलं नाही."

शनिवारी निघताना त्याने सगळे पट्टे ओढून बघितले, मग पुन्हा बघितले. बायको पुढच्या सीटवर बसून हसत होती. "अहो, चला की! तळं आटेल." रस्त्याने हा असा हळू चालवत होता की मागचे ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन दमले. थोडं अंतर गेल्यावर बाजूला थांबून उतरला, चाकांच्या मध्यावर हात ठेवून ती तापलीत का बघितलं, नट आवळले. आणि खरं सांगायचं तर ट्रेलर सुरेख चालला. वळणावर, उतारावर, बाजूने भरधाव बस गेली तरी तो गाडीच्या मागे शहाण्यासारखा येत होता. काटेवाला आरशात बघून बघून लहान मुलासारखा खूश होत होता.

तळ्यावर होड्या उतरवायचा सिमेंटचा उतार होता आणि तिथे एक रखवालदार होता. त्याने ट्रेलर बघितला आणि भुवया उंचावल्या. काटेवाला म्हणाला, "जरा थांबू. गरम बेअरिंगं एकदम पाण्यात गेली तर पाणी ओढून घेतात." बायकोने कपाळावर हात मारला. पण तेवढंही थांबून झालं, गाडी मागे मागे गेली, आणि होडी रोलरवरून घसरून अलगद पाण्यावर टेकली. मग बायकोने तोंडावर हात ठेवला आणि ती रडायला लागली.

होडीत पाणी यायला लागलं तसा काटेवाला घाबरला. ती मात्र डोळे पुसत हसली. "येऊ दे. पितेय ती. चार दिवस काठाशी अशीच राहू दे, फुगली की एक थेंब आत येणार नाही." मग दोघांनी तळ्याकाठी एक खोली घेतली. लग्नानंतर इतके दिवस दोघंच कुठे राहिले नव्हते. रोज सकाळी हातात हात घालून होडी बघायला जायचे. पाणी उपसायचे, दुसऱ्या दिवशी बघायचे तर कालच्यापेक्षा कमी यायचं. ती सांगायची, इथे बाबा उभे राहायचे, इथून एकदा एक नवरी पाण्यात पडली होती आणि नवरा काठावरून नुसता ओरडत होता. ती खळखळून हसायची, आणि हा तिच्याकडे बघून मनात म्हणायचा, हे आधी का नाही केलं? कशासाठी थांबलो होतो आपण?

चौथ्या दिवशी सकाळी होडीचा तळ कोरडा राहिला. बायकोने पदर खोचला, वल्ही घेतली आणि होडीत चढली. "चला, बसा."

काटेवाल्याने एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. "दोघांचं वजन एकदम नको गं. आधी तू एकटी एक चक्कर मारून ये. मी इथून बघतो."

"तुम्ही ना!" ती म्हणाली, आणि तिने वल्ही पाण्यात घातली.

इतकी वर्षं या माणसाने तिला तिकिटं फाडताना बघितलं होतं, लेकीला थापटताना बघितलं होतं. तिला वल्हवताना कधी बघितलं नव्हतं. पाठ ताठ, दुखरा खांदा जरा जपून, पण दोन्ही हात एका लयीत. होडी हुकूम ऐकल्यासारखी निघाली. ती एकदम तरुण दिसायला लागली. रखवालदारही बघत राहिला. 

आणि मग आवाज झाला. कडाड्. काठापर्यंत ऐकू आला. तिने वल्ही थांबवली, खाली बघितलं. पुन्हा एक आवाज, त्याच्यामागे आणखी एक. "काय झालं गं?" हा ओरडला.  तिने होडी वळवली आणि काठाकडे आणायला लागली. पाणी तिच्या घोट्यांना लागलं, मग पोटऱ्यांना लागलं. काठ जवळ आल्यावर ती खाली उतरली आणि दोर धरून कमरेएवढ्या पाण्यातून होडी ओढत घेऊन आली. काटेवाला बुटांसकट पाण्यात धावला.

तिने होडीतल्या पाण्यात हात घातला आणि फळ्यांना आतून धरणाऱ्या लाकडी बरगड्या चाचपल्या. एक, मग पुढची, मग त्याच्या पुढची.

"मोडल्यात," ती म्हणाली. "सगळ्या मोडत आल्यात."

"दगड लागला का?"

"इथे दगड कुठला?" तिने दोन फळ्यांमधल्या सांधीवरून बोट फिरवलं, थांबली, नखाने खरवडलं. "हे काय आहे हो? हे सूत नाही."

काटेवाल्याने तिच्या नखाकडे बघितलं. मग म्हणाला, "पुट्टी आहे. फटी पडल्या होत्या. उजेड दिसत होता आरपार. तू कामावर असताना भरल्या मी."

"केवढ्या फटी?"

त्याने अंगठ्याचं नख दाखवलं.

ती तिथेच पाण्यात होडीला टेकून उभी राहिली. "अहो, फळ्यांना फुगायला जागा लागते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ती तुम्ही दगडाने भरून टाकलीत. मग त्या फुगून जाणार कुठे? त्यांनी बरगड्या मोडल्या."

"मला वाटलं—"

"मला विचारायचं होतंत."

"फटी बघून तू म्हणाली असतीस, तुमच्यामुळे झालं म्हणून."

"म्हटलं असतं. भांडले असते. दोन दिवस बोलले नसते. आणि मग पाण्यात घातली असती तर मिटल्या असत्या हो त्या सगळ्या. चार दिवसांचं काम होतं." एवढं बोलली आणि तिचा आवाज फाटला. "चार दिवसांचं."

रखवालदार जवळ आला होता. त्याने होडीत डोकावून बघितलं आणि मान हलवली. बरगड्या नव्या, निम्म्या फळ्या नव्या, त्यापेक्षा नवीच बांधलेली बरी, असं काहीसं तो म्हणाला. मग बायकोकडे बघून त्याला राहवलं नाही. "बाई, माझी फायबरची होडी आहे तिकडे. घ्या, फिरून या. हात छान आहे तुमचा."

"नको," ती म्हणाली. "ती तुमची आहे. मला हीच न्यायची होती." आणि ओला पदर पिळत ती गाडीकडे चालायला लागली. उजवा हात तिने डाव्या हाताने धरला होता.

होडी पुन्हा ट्रेलरवर घ्यायलाच हवी होती, उतारावर सोडून देता येत नव्हती. काटेवाल्याने दोर ओढला, रखवालदाराने मागून हात लावला. मोडकी होडी, अर्धं पाणी अजून पोटात, पण रोलरवर अशी येऊन बसली की इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. बाजूच्या लाकडांनी तिला दोन्हीकडून नीट धरलं. रखवालदार म्हणाला, "ट्रेलर मात्र एक नंबर आहे तुमचा. असा बघितला नव्हता. काय काय केलंय हो यात?"

 आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी आपणहून हे विचारलं होतं. त्याने पट्टे आवळले, साखळ्या अडकवल्या, दिवे लागतात का बघितलं, सगळं हाताला सवय होती म्हणून.

परतीच्या वाटेवर बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. गाडी नेहमीच्या चालीने चालली होती. मागचे ट्रक हॉर्न देत पुढे निघून जात होते. बऱ्याच वेळाने हा म्हणाला, "माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली.

तिने तोंडदेखलं बरं म्हटलं असतं, असू दे म्हटलं असतं, तर ते त्याला पेललं नसतं. तो रस्त्याकडे बघत राहिला. पुढे लांबलचक उतार लागला, सरळ, मोकळा, चिटपाखरू नाही. सवयीने त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"अहो, जोरात चालवा की," बायको म्हणाली. "आता कुणाला जपताय?"

त्याने ब्रेकवरचा पाय काढला. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी सुटली, इतकी वर्षं जेवढी कधी पळवली नव्हती तेवढी पळाली, काचेतून वारा आत शिरला, तिचे केस उडायला लागले. त्याने आरशात बघितलं. मागे ट्रेलर सरळ येत होता. जरासुद्धा हलत नव्हता. काटेवाला आरशात बघत राहिला आणि मनापासून वाटत राहिलं त्याला, की त्याने हलावं, एकदा तरी हलावं.